कचरूचं मरण

माझ्या नातवानं त्याच्या आज्याले लढाईत मारून टाकलं, अन् मले विचारलं बी नाही.

विचारलं असतं तर सांगितलं असतं की बापा, तुझा आजा लढाईतून धडधाकट घरी आला, म्हातारा होईपर्यंत वांगे पिकवले, अन् मेला तो आपल्याच अंगणात, बाजेवर, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधता बांधता. त्या दिवशी सकाळी माझ्याशी भांडलाही होता, चहात साखर कमी पडली म्हणून. कुलदीपले हे माहीत नाही असं नाही. तो तेव्हा शाळेत होता. दप्तर गळ्यात तसंच ठेवून आज्याच्या पायाशी बसला होता अन् उठवता उठत नव्हता. आता तोच पोट्टा शहरातून शिकून आला, अन् त्यानं आज्याले बाजेवरून उचललं, पार एकाहत्तरच्या सालात नेलं, अन् छातीत गोळी घातली.

मले हे कळलं बाजाराच्या दिवशी. मोटारस्टँडजवळ हा मोठा फ्लेक्स लागलेला. मी तिसरी शिकलेली बाई, अक्षरं ओळखते, पण एकेकाले हात लावत जावं लागते. वर आगगाडीचं इंजिन, त्याचा धूर, अन् धुरात ह्यांचा फोटो. फौजेतला, मिशीले पीळ दिलेला, आमच्या देवघराच्या शेजारी टांगला आहे तोच. फोटोच्या दोन्ही अंगाले समया. खाली मी वाचलं, श. ही. द. पुढं ह्यांचं नाव. नवऱ्याचं नाव मी घेत नाही, म्हणून वाचतानाही तेवढी जागा सोडून पुढं गेली.

भाजीवाली म्हणाली, "तानुमाय, काका लढाईत गेलते हे आईकलं होतं. मेलते हे माहीत नव्हतं."

"मले बी आजच कळलं," मी म्हटलं, अन् पिशवी उचलून घरी आली.

कुलदीप ओसरीत फोनवर बोलत होता. फोनवर तो पुणेरी बोलतो, 'हो ना', 'अगदी, अगदी'. मी समोर उभी राहिली तसा फोन ठेवला.

"काऊन बे," मी म्हटलं, "तुहा आबा कवा मेला?"

"आजी, ते फ्लेक्सचं म्हणतेस का?"

"मी विचारून राह्यली ते सांग."

"तसं नाही वो आजी, ती एक गोष्ट हाय. नाटकासारखी. लोकांले भिडली पाह्यजे."

"बरं. मंग लोकांले हेही सांग, आज्याले तू एकाहत्तरात मारलं, तं तुहा बाप चौऱ्याहत्तरात कसा झाला? मले गावात काय म्हणून फिरवाचं ठरवलं तू?"

माझी नातसून पूनम स्वयंपाकघरात हसली, मंग भांडं पाडल्याचा आवाज केला. कुलदीपचे कान लाल झाले. एवढं त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं.

आता ही गाडी कोणती ते सांगते. गावाच्या खालच्या अंगाले कापसाचं जिनिंग होतं. तिथून मोठ्या लाईनीच्या टेशनापर्यंत एक लहान गाडी जात असे, कोळशावर चालणारी. आम्ही तिले धाकटी म्हणत होतो. चढावर ती अशी दमायची की पोट्टे खाली उतरून बोरं तोडत अन् पुढच्या डब्यात परत चढत. मंग जिनिंग बसलं, गाडी बसली, रुळांत गवत वाढलं, टेशनात बकऱ्या बसू लागल्या. मागच्या काही वर्षांत शहरातून इंजिनाचा शौक असलेले लोक आले. त्यांनी संस्था काढली. कुठल्याशा बंद कारखान्यातलं इंजिन आणलं, घासूनपुसून काळंभोर केलं, रूळ फाटकापर्यंत नीट केले. आता सुटीच्या दिवशी ती गाडी टेशनावरून फाटकापर्यंत जाते अन् तशीच उलटी चालत परत येते. लोक तिकीट काढून बसतात. कुठी जायचं नसताना गाडीत बसणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली.

कुलदीप तिथं कामाले आहे, कार्यक्रम जमवाचं काम. चांगलं काम आहे, मी नाही म्हणत नाही. गावातल्या चार घरांच्या चुली त्या टेशनावर चालतात. ह्या वेळी त्यांनी काढलं 'एकाहत्तरचे दोन दिवस'. शनिवार-रविवार. त्या काळातल्यासारखे कपडे घालून यायचं, फौजी गाडीत बसायचं, लढाईवर जाणाऱ्यांले निरोप द्यायचा. नागपूरहून, पुण्याहून माणसं येणार होती. भाड्याच्या वर्द्या, भाड्याच्या बंदुका, खिडक्यांले काळे कागद, अन् एक भोंगा. आमच्या गावात त्या साली भोंगा वाजलाच नव्हता. आमच्याकडं कोण बॉम्ब टाकणार होतं, कापसावर? पण संस्थेवाल्यांनी भोंगा आणला. रॉकेलची लाईन नाही आणली. त्याच्या पुढच्या साली असा दुष्काळ पडला की मी दुष्काळी कामावर खडी फोडली, तिथं वाटलेली सुकडी खाल्ली. त्याचे दोन दिवस कोणी काढत नाही.

"आबा परत आले," कुलदीप मले समजावून सांगत होता. "परत येऊन वांगे लावले. त्यात गोष्ट कुठी हाय आजी? संस्थेच्या अर्पिता मॅडम म्हणतात, शेवट पाह्यजे. मले पहिल्यांदा असं मोठं काम देऊन राह्यले ते लोक. हे जमलं तं मले पक्कं करतील."

"शेवट पाह्यजे होता तं कचरूचा हाय ना शेवट."

कुलदीप फोनची काच पुसू लागला. म्हणजे हा विचार झाला होता.

कचरू म्हणजे शेवटल्या गल्लीतल्या कलाबाईचा पोरगा. हे अन् तो एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. त्या लढाईत आमच्या गावचा जो मेला, तो कचरू.

"आजी, खरं सांगतो," कुलदीप म्हणाला, "पयले त्याचंच लिहिलं होतं. पण नाव पाह्य ना. कचरू. फ्लेक्सवर लिहून पाह्यलं आम्ही. शहीद कचरू. बाहेरच्या लोकांले हसू येते. मॅडम म्हणाल्या नाव बदलू. मी म्हटलं खोटं नाव देण्यापेक्षा आबाचं देऊ. घरचंच हाय. फोटो बी चांगला हाय."

मी खाली बसली.

ते नाव कसं पडलं हे आजकालच्या पोट्ट्यांले सांगावं लागते. कलाबाईची आधीची लेकरं जगली नव्हती. एक सटवीच्या पूजेच्या आधीच गेलं, एक रांगताना गेलं. तिसरं झालं तेव्हा तिनं त्याले टोपलीत घालून उकिरड्यावर नेऊन ठेवलं. टाकून दिल्यासारखं. म्हणजे मरणाले वाटावं, हे कोणाले नकोसं झालेलं लेकरू आहे, ह्याच्यात काही राम नाही. मंग ठरल्याप्रमाणं माझ्या सासूनं ते उचललं, अन् कलाबाईनं सुपात ज्वारी देऊन आपलंच लेकरू सासूपासून परत विकत घेतलं. नाव ठेवलं कचरू. त्याच्यापेक्षा जिवाचं नाव त्या गल्लीत दुसरं नव्हतं. त्या नावानं तो जगला, पहिलवान झाला, विहिरीत वरून सूर मारायचा. माझी सासू म्हणायची, उचलला मी, म्हणून अर्धा माझाच.

मी हे सगळं कुलदीपले सांगितलं. तो म्हणाला, "हे मले माहीत नव्हतं आजी." अन् मंग, "पण आता सगळं छापून झालं. आवाज बी रेकॉर्ड झाला."

"माहीत नव्हतं तं विचाराचं होतं. घरात जित्ती बसली हाय मी."

तो उठून गेला. मी काही दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. जेवायले वाढलं, पण बोलली नाही.

आता ह्यांच्या परत येण्याची गोष्ट, ज्याच्यात गोष्ट नाही म्हणतात ती.

लढाई संपली, कचरूच्या घरी तार येऊन गेली, अन् थंडी संपता संपता हे सुटीवर येणार असं कळलं. सारा गाव धाकटीच्या टेशनावर. लेझीमवाले, सरपंच, हार. मी नवीन लुगडं नेसून ताट धरून उभी. लग्नाले नुकतं एक वर्ष होत आलं होतं, सगळ्यांच्या देखत ओवाळायचं म्हणून मले घाम फुटला होता. गाडी आली. थांबली. लोक उतरले. हे काही उतरले नाहीत. सरपंच डब्यात चढून पाहून आले. गाडी गेली. लेझीमवाले घरी गेले, माझं निरांजन वाऱ्यानं विझलं. सासू म्हणाली, चाल बाई.

संध्याकाळी माणूस दारात. पायाले धूळ, खांद्याले पेटी. धाकटी गाडी टेशनात थांबली तेव्हा हे दुसऱ्या अंगानं उतरले होते. जिकडं फलाट नाही, नुसती खडी अन् काटे, तिकडून. कापसाच्या पऱ्हाटीतून वाकून वाकून गावात शिरले अन् आधी कलाबाईच्या घरी गेले. दिवस मावळेपर्यंत तिथंच होते. काय बोलले ते मले कधी सांगितलं नाही. एकदाच सांगितलं, कैक वर्षांनी, तेही वांग्याले पाणी देता देता, की कचरू अनवाणी गेला. बूट ओले झाले होते म्हणून वाळत टाकले होते, तेवढ्यात गोळा पडला.

मी त्या संध्याकाळी फक्त एवढं म्हटलं, "मी तिथं ताट धरून उभी होती."

हे म्हणाले, "कचरूच्या मायच्या हातात काय होतं?"

त्यानंतर दरसाल मृग लागला की आमची तिफण पहिल्यांदा कलाबाईच्या वावरात. कचरूचा बाप आधीच गेलेला, घरी कलाबाई अन् लहानी पोरगी सत्यभामा. हे आधी त्यांचं पेरत, मंग आमचं. एका साली तिकडं पेरता पेरता आमच्या वावरातली ओल गेली, दुबार पेरावं लागलं. मी भांडली. लय भांडली. मी आजही म्हणते की त्या साली आधी आपलं पेराचं होतं. पण हे काही बदलले नाहीत. कलाबाई मेली त्या सालापर्यंत हे असंच चाललं. लढाईत मेलेला माणूस एवढं करत नाही.

शनिवार उजाडला. मी ठरवलं होतं, जायचं नाही. मी अंगणात लसूण सोलत बसली होती तं सत्यभामा आली. तिचं सासर गावातच, नवरा गेला, पोरगा दुसरबीडकडं ड्रायव्हर आहे. डोक्याले तेल लावून, नवं पातळ नेसून आली होती. हातात झाकलेला डबा.

"वैनी, अजून बसूनच? चला ना."

"कुठी?"

"टेशनावर! कुलदीपचा माणूस साऱ्या गल्लीत सांगून गेला, लढाईवर गेलेल्या पोरांचा कार्यक्रम हाय म्हणून. माह्या भाऊचाच असल ना? अजून कोण गेलतं आपल्या गावातून?" तिनं डबा उघडून दाखवला. "सांजोऱ्या केल्या. भाऊले आवडत. म्हटलं, जे पोट्टे त्याचं काम करतील त्यांच्या तोंडात घालू."

तिले वाचता येत नाही. फ्लेक्सखालून ती रोज दूध घेऊन जाते. फोटो पाहिला असंल, पण खाली अक्षरांत भाऊचं नावही असंल, असंच तिनं धरलं.

मी लसूण तसाच ठेवला. "थांब, लुगडं बदलते."

टेशनाले रंग दिलेला. माणसं म्हणाल तं ही गर्दी. बायांनी नऊवारी नेसलेली अन् नाकात ह्या मोठ्या नथा. आमच्यात नथ लग्नात घालत, टेशनावर नाही. चहा मातीच्या भांड्यात. आमच्या टेशनावर चहा कपबशीत मिळायचा, अन् बशी फुटकी असायची. फौजी झालेले पोट्टे रांगेत उभे, त्यातल्या निम्म्यांच्या दाढ्या कोरलेल्या.

"फौजेत दाढी?" सत्यभामा माझ्या कानाशी लागली.

"सुटीवर असतील," मी म्हटलं.

मी कुलदीपले गाठलं. तो खाकी टोपी घालून धावत होता.

"सत्यभामा आली हाय," मी म्हटलं. "भाऊसाठी सांजोऱ्या घेऊन. पुढच्या रांगेत बसली हाय."

त्याचा चेहरा पडला. "तिले कोणं बोलावलं?"

"तू. साऱ्या गल्लीले."

"आजी, ते गर्दी दिसावी म्हणून..."

"अजून गाडी सुटली नाही. नाव बदल."

"रेकॉर्ड हाय आजी, आता नाही बदलता येत. मॅडमचे पाहुणे आले हायेत नागपूरहून. तुह्या पाया पडतो, आजचा दिवस काढू दे. तुले फक्त खुर्चीवर बसायचं हाय, नाव पुकारलं की हात जोडाचे. बोलाचं काहीच नाही."

अन् गेला. मी सत्यभामाशेजारी बसली.

इंजिनानं शिट्टी दिली. खरं सांगते, शिट्टी तशीच. कोळशाचा वास तोच. धूर तसाच खाली बसत होता. त्यांनी इंजिन चांगलं केलं आहे, ह्याच्यात वाद नाही. मंग भोंगा वाजला, रेडिओवर बातम्या लागल्या, अन् एक देखणा पोट्टा वर्दीत फलाटावर आला. एक पोट्टी नथ घालून ताट घेऊन आली अन् त्याले ओवाळलं. तो म्हणाला, मी परत नाही आलो तं रडू नको. ती म्हणाली, मी वीराची पत्नी आहे. एवढं मोठं बोलली. मी अन् हे गाडी सुटताना जे बोललो होतो ते असं होतं, की मागच्या खोलीच्या कवेलूतून पाणी गळते ते उकंडरावाकडून नीट करून घे. अन् मी म्हटलं होतं, हो.

गाडी फाटकापर्यंत गेली. वळणाआडून बंदुकीचे आवाज आले. गाडी उलटी चालत परत आली, डब्यात तो पोट्टा डोळे मिटून पडलेला, त्याच्यावर चादर. लोक रडत होते, खरंच रडत होते. कर्ण्यातून जाड आवाज आला अन् ह्यांचं नाव घेतलं. या मातीचा एकमेव वीर, असं म्हणाला.

सत्यभामा पदरानं डोळे पुसत होती. थांबली.

"वैनी," ती हळूच म्हणाली, "भाऊचं नाव मंग घेतील काय?"

मी इंजिनाकडं पाहत राहिली.

"दादा तं परत आलते ना वैनी. आमचं वावर पेरलं त्यांनी." मंग डबा मांडीवर ओढून, "का मीच काही चुकून राह्यली?"

तेवढ्यात अर्पिता मॅडमनं माईकवर माझं नाव पुकारलं. वीरपत्नी तानुबाई. पोरगी वाईट नाही ती, गोड बोलते, माझा हात धरून तिनं मले वर नेलं. लोक उभे राहिले, टाळ्या. मी हात जोडले. कुलदीप बाजूले उभा राहून डोळ्यांनी म्हणत होता, झालं, आता खाली ये.

मी म्हटलं, "तो माईक दे वो बाई."

तिनं दिला. तिले वाटलं, म्हातारी आशीर्वाद देईल.

"तुम्ही दुरून आले, बरं केलं," मी म्हटलं. "इंजिन चांगलं चालते. पण ज्यांचा फोटो तिथं टांगला, ते माहे मालक. ते लढाईत मेले नाही. ह्याच टेशनावर परत आले. माह्यं पहिलं पोट्टं चौऱ्याहत्तरात झालं, म्हणून हे नीट सांगणं मले जरूर हाय."

आधी एक बाई हसली, मंग सारे हसले. मी हसू दिलं.

"मेला तो कचरू. कलाबाईचा पोरगा. नाव आईकून हसू येत असंल तं हसा. त्याच्या मायची लेकरं जगत नव्हती, म्हणून तिनं हे नाव ठेवलं. मरणानं ह्याच्याकडं पाहू नये म्हणून. पंचवीस वर्षं पाह्यलं नाही मरणानं. मंग पाह्यलं. तो अनवाणी होता, त्याचे बूट वाळत होते. तो मरताना काही बोलला नाही, वेळच नव्हता. त्याची बहीण हे समोर बसली हाय. सत्यभामाबाई. तिले विचारा."

मी माईक खाली केला. सत्यभामा उठली, तिच्याजवळ माईक पोचलाच नाही. ती सांजोऱ्यांचा डबा घेऊन सरळ गाडीतल्या त्या पोट्ट्याजवळ गेली, जो चादर बाजूले करून उठून बसला होता.

"बाबू, तू कोण झालता?" तिनं विचारलं.

पोट्टा कुठला शहरातला. त्यानं एकदा कुलदीपकडं पाहिलं. मंग म्हणाला, "कचरू, मावशी."

तिनं त्याच्या तोंडात सांजोरी घातली. त्याले ती चावता येत नव्हती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या दिवसाच्या साऱ्या सोंगात तेवढं मले पटलं.

अन् मंग टाळ्या वाजल्या. जोरात. शिट्ट्याही. एक माणूस म्हणाला, काय लिहिलंय! मले आधी कळलंच नाही. मंग कळलं. त्यांले वाटलं हेही नाटकातलंच आहे.

मी सत्यभामाले घेऊन घरी निघाली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "नाव घेतलं वैनी तुम्ही. माईकवर." अन् आपल्या गल्लीकडं वळली.

कुलदीप संध्याकाळी आला. मी चुलीजवळ भाकरी टाकत होती. मले वाटलं, रागावून आला असंल, काम गेलं असंल. मी तयारीत होती. पण त्याचं तोंड फुललेलं.

"आजी," तो बाजूच्या पाटावर बसला, "लोकांले काय आवडलं माहीत हाय का? तू! सगळ्यांनी फोनवर काढलं तुले. मॅडम म्हणतात, असं खरं आम्ही लिहूच शकलो नसतो. उद्या बी बोलशील ना? अस्संच. ते हसवाचं बी ठेव, चौऱ्याहत्तरचं. अन् सत्यभामामावशीले म्हण डबा घेऊन ये. तिची साडी बी तीच राहू दे."

मी तव्यावरची भाकरी उलटली. तिले पापुद्रा आला, शेकली, खाली काढली. तोंडात काही भलतंच येत होतं. पूनम दारात उभी होती.

"आबाचा फ्लेक्स काढला?" मी विचारलं.

"उद्या काढतो. म्हणजे... सोमवारी."

"अन् मावशीच्या घरी गेलता?"

"कशाले? तिले तं बरंच वाटलं असंल ना आजी. नाव घेतलं आपण."

मी हात पुसले अन् त्याच्याकडं पाहिलं. नाक, कपाळ सारं आबाचं. पण आबाले घाम यायचा तिथं ह्याले येत नाही.

"कुलदीप, आईक," मी म्हटलं. "तू आज्याले मारलं, ते मी सोडून देलं. त्यालेच आईकवलं असतं तं तो हसला असता अन् बिडी पेटवली असती. पण तू कचरूले मेलेला बी राहू देलं नाही. त्या माणसाजवळ तेवढीच एक गोष्ट होती, ते बी तू नाव बरं दिसत नाही म्हणून काढून घेतली, अन् आपल्याच घरात आणून ठेवली. हे सोडून द्याचं माह्या हातात नाही. उद्या मी येणार नाही, सत्यभामा बी येणार नाही, आम्ही काही रविवारी परत रडाच्या बाया नाही. तुहा आबा गाडीतून उतरला तवा समोर हार होते, लेझीम होती, मी होती. तो पाठच्या अंगानं उतरून आधी तिच्या मायच्या दारी गेला. तुले वर्दी घालाची हौस हाय ना? मंग ते टोपी काढ, अन् तू बी जाय. मले काही सांगू नोको, काय बोलला ते. तिचं बोलून झालं की मंग घरी ये, भाकरी झाकून ठेवते."